काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं?

घरात रबरबँड कोणी विकत आणत नाही, पण खण उघडला की मूठभर निघतात. किश्शांचं तसंच आहे. मी अमरावतीत कुत्र्यामांजरांची डॉक्टर. माझे कंपाउंडर सुधाकरभाऊ इंजेक्शनांचा हिशोब चोख ठेवतात, किश्शांचा मात्र कोणीच ठेवत नाही. ते आपोआप साचतात. परवा मैत्रिणी जेवायला आल्या, एक किस्सा सांगितला, तर मागून सहा निघाले!

त्यातले सगळ्यात जास्त विषबाधेचे. कुत्र्यानं काहीतरी भलतंच खाल्लं, असा फोन आला की मी तीनच प्रश्न विचारते. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं? आणि सांगते, की घरचे उपाय करू नका, उलटी करवू नका, वाट बघत बसू नका, जी पुडी-बाटली असेल ती घेऊन निघा. जनावराला बोलता येत नाही. त्याचा जीव माणसाच्या खरं बोलण्यावर अडकलेला असतो. आणि माणूस म्हणजे... जाऊ द्या, ऐकाच.

*

पोस्टातून रिटायर झालेले आमचे वानखडे काका. अत्यंत शिस्तीचे. एका सकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्या कुत्र्यानं, मोतीनं उंदराचं औषध खाल्लं! मी म्हटलं, "काका, घाबरू नका. पुडी घेऊन ताबडतोब निघा."

दहाव्या मिनिटाला काकांची स्कूटर दारात. डोक्यावर हेल्मेट, हातात पिशवी, पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात कागद, कागदात पुडी. टेबलावर ठेवून म्हणाले, "घ्या मॅडम. सांगितल्याबरोबर आणली."

"आणि मोती कुठाय?"

काकांनी वळून स्कूटरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. "तुमी फोनवर पुडीच म्हनलं जी! मोतीचं नावच नाई घेतलं!"

सुधाकरभाऊंनी मोटरसायकलला किक मारली, काकांना मागे बसवलं आणि गेले. मोती फाटकाशी बसून काकांची वाट पाहत होता म्हणे. औषध पोटात मुरायच्या आत हाती लागला, वाचला. पुढे महिनाभर काकांनी त्याला त्या विषावरच्या उताऱ्याच्या, व्हिटॅमिन-केच्या गोळ्या घड्याळ लावून दिल्या. आणि मी तेव्हापासून फोनवर सांगते, "जनावर आणि पुडी, दोन्ही आणा. आधी जनावर!"

*

राजापेठेतलं एक मोठं कुटुंब. आठ माणसं एका गाडीतून उतरली, मध्ये एक लॅब्रॅडॉर, कसाबसा उभा. "मॅडम, रक्त पडून राह्यलं याले! कोनंतरी इख घातलं!"

मी विचारलं, घरी काही दिलं का? मग एकेक बोलू लागले. काकूनं ताक दिलं होतं. मोठ्या भावानं मीठपाणी. वहिनीनं तूप. आजोबांनी कोळशाची पूड. शेजाऱ्यानं येऊन दोन कच्ची अंडी पाजली. धाकट्यानं कोणाला न सांगता पुन्हा ताक!

मी तपासलं. मग विचारलं, "काल स्वयंपाकाला काय होतं?"

काकू म्हणाल्या, "बिटाची कोशिंबीर. कावून?"

पातेलंभर कोशिंबीर त्यानं ओट्यावरून ओढून खाल्ली होती. बाकी काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मी भडकलेच. "अहो, कुत्रं ठणठणीत होतं! तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला आजारी पाडलं!"

सुधाकरभाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, प्रेम लय झालं त्याले. ते उतरेपर्यंत सलाईन लावू."

*

एक जोडपं आलं, दोघंही इंजिनिअर. हातात बीगलचं पिल्लू, बिस्किट नावाचं. नुसतं धापा टाकत होतं, अंगाला कंप. सोबत सात वर्षांची मुलगी, डोळे रडून लाल. काय खाल्लं? "काही नाही." चॉकलेट? "आमच्या घरात चॉकलेट येतच नाही!" आईनं ठणकावून सांगितलं. तिनं दोन वेळा सांगितलं आणि दोन्ही वेळा मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

मी तिला म्हटलं, "चल गं, मला जरा टॉर्च धरायला मदत कर." आणि तिला आत नेलं. टॉर्च वगैरे काही नव्हतं. मी खाली वाकले. तिनं माझ्या कानाला तोंड लावलं, गरम गरम श्वास, आणि म्हणाली, "मी दिलं. मामानं आणलं होतं, मोठ्ठं, काळं. सगळं दिलं. आत्ता, शाळेतून आल्यावर. आईले सांगू नका."

काय, किती, कधी! इतकं नेमकं कोणी सांगतं का हो? पिल्लाला उलटी करवली, तासाभरात ते माझ्या बुटाची नाडी चावायला लागलं. आईला सांगावं तर लागलंच. ती बिचारी रागावण्याच्या पलीकडे गेली होती. मुलीला पोटाशी धरून तिनं विचारलं, "पण कावून दिलं गं, माय?"

"त्याचा बड्डे होता."

"बड्डे? बिस्किटचा बड्डे कधी असतो?"

मुलीनं जरा विचार केला. "रोज असते."

*

एक घर होतं, सासू-सुनेचं पटत नाही म्हणून सगळ्या गल्लीला माहीत असलेलं. त्यांचा कुत्रा राजा, वय दहा, घरच्या माणसासारखा. त्याला उंदराचं औषध गेलं, एवढं नक्की. पण कोणतं? लाल वडी वेगळी, काळी पावडर वेगळी, उपचार वेगळे. आणि ठेवलं कोणी, हे विचारल्यावर सगळे भिंतीकडे बघायला लागले.

मी एकेकाला आत बोलावलं. आधी सून आली. पदर डोळ्याला. "मॅडम, मीनं ठेवलं. काळी पावडर. पन आईले बोलू नका, त्यांचा लय जीव हाये राजावर."

बरं. मग सासू. "सूनबाईचं काई ऐकू नका जी. मीनंच ठेवलं. लाल वडी. ती लेकरू हाये, तिले घाबरवू नका."

तेवढ्यात सासरे आत आले, टोपी काढून. म्हणाले, "ह्या दोघी खोट्या बोलून राह्यल्या. मी ठेवलं, मोरीमागं. निळ्या वड्या."

मी बाहेर येऊन ओरडले, "मला गुन्हेगार नको आहे! मला रंग पाहिजे!"

तेवढ्यात राजाला उलटी झाली. निळी! सगळ्यांनी एकदम सासऱ्यांकडे पाहिलं. आणि त्या दोघी एकमेकींकडे. सून म्हणाली, "मले वाटलं तुमी ठेवलं, आई." सासू म्हणाली, "मले वाटलं तू."

उपचार सुरू झाले, राजा तरला. पण एकमेकींना वाचवायच्या नादात दोघींनी मिळून कुत्रं मारलंच असतं! जाताना सासूबाई सुनेच्या हाताला धरून पायऱ्या उतरल्या. गल्लीनं ते पाहिलं असतं तर कोणाचा विश्वास बसला नसता.

*

कपाशीच्या फवारणीचे दिवस. चांदूर रेल्वेकडून एक शेतकरी मोटरसायकलवर आला. बायकोच्या लुगड्यानं कुत्रं छातीशी बांधलेलं, लहान लेकरू बांधतात तसं. गावरान, तांबडं कुत्रं. तोंडातून लाळ, सगळं अंग थरथरत होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. फवाऱ्याच्या बादलीतलं पाणी प्यायलं होतं.

आणि त्या माणसानं मी विचारायच्या आत खिशातून औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे पेलं जी. दोन-तीन घोट. ऊन चढाच्या आंधी." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

इंजेक्शनं सुरू केली. सुधाकरभाऊंनी केसपेपर घेतला. "नाव काय कुत्र्याचं?"

"नाव काय असते? राखनीचं जनावर हाये. नाव-गिव नाई ठेवत आमी."

भाऊंनी लिहिलं, 'राखणीचा कुत्रा.'

दुपारभर तो माणूस भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची दिली, बसला नाही. चहा दिला, निवला. मी म्हटलं, दादा, फवारणी अर्धी टाकून आलात का? तर म्हणाला, "वावर कुठं पळून जाते जी?"

चारच्या सुमाराला कुत्र्यानं मान उचलली. थोडीशीच. आणि हा एवढा मोठा, मिशावाला माणूस धपकन गुडघ्यावर बसला. "बाळ्या! अरे माह्या बाळ्या! पाह्य ना रे इकडे, बापाकडे पाह्य!"

मग भानावर आला. आमच्याकडे बघेना. सुधाकरभाऊंनी केसपेपर ओढला, आधीचं खोडलं आणि 'बाळ्या' लिहिलं.

तो हळूच म्हणाला, "गावात कोनाले सांगू नका जी. हासतात लोकं."

मी नाही सांगितलं. म्हणजे आत्तापर्यंत.

*

आता हा अकोल्याचा.

मी अकोल्याची. अजूनही दर गुरुवारी तिथे मैत्रिणीच्या दवाखान्यात बसते. एका गुरुवारी टोपलीत मांजर घेऊन बाई आल्या. बाई म्हणजे आम्हाला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. अर्धं अकोला शहर त्यांच्या हाताखालून गेलं. लग्न केलं नाही, भाऊ गेल्यावर एकट्याच राहायच्या, त्या आणि त्यांची चिंगी.

चिंगीचा चेहरा सुजला होता. हिरड्या तपकिरी. श्वास भराभर चाललेला. मी विचारलं, "बाई, काही खाल्लं का हिनं?"

बाई म्हणाल्या, "परवापासून ताप होता तिला. मी पॅरासिटामॉल दिली. काल सकाळी अर्धी, काल संध्याकाळी अर्धी. पेढ्यात घालून. नुसती घेत नव्हती गं."

किती चोख उत्तर! आणि सांगताना चेहऱ्यावर समाधान होतं, की मी काळजीत काही कमी ठेवलं नाही. माणसाची ती गोळी मांजराला विषच. उतारा असतो, पण तो लगेच द्यावा लागतो. मी आणि मैत्रिणीनं जेवढं करता येईल तेवढं केलं. बाई तिच्या पंजावर बोट ठेवून बसल्या होत्या. दुपारी चिंगी गेली.

मग बाईंनी टोपलीतला टॉवेल नीट घडी केला आणि मला विचारलं, "गोळीनं तर काही झालं नाही ना गं?"

मी रोज लोकांवर ओरडते, खरं बोला, खरं बोला. आणि मी बाईंच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही बाई. तिचं हृदयच कमजोर होतं."

बाई म्हणाल्या, "बरं." आणि रिकामी टोपली घेऊन गेल्या. त्या दिवशी अमरावतीला परत येताना मी बसमध्ये खूप रडले.

आठवड्यानं आम्ही दवाखान्यात एक कागद लावला. 'मांजराला तापाची गोळी देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.' लावलाच पाहिजे होता. बाई आता कशाला येतात इकडे, असं मी मनाला समजावलं.

आल्या. त्याच गुरुवारी. चिंगीचं उरलेलं खाणं कोणाला तरी कामी येईल, म्हणून पिशवीत घेऊन. मी आतून पाहिलं, तर त्या कागदासमोर उभ्या. चष्मा लावलेला. त्यांनी पूर्ण वाचलं. मग पिशवी बाकावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अक्षर फार बारीक आहे. रस्त्यावरून दिसायला पाहिजे."

पुढच्या गुरुवारी मी पोचले, तर आमचा कागद काढलेला होता. त्याच्या जागी मोठा पांढरा पुठ्ठा, फळ्यावर असायचं तेच टपोरं, सरळ अक्षर. दाराबाहेरून वाचता येत होतं.

'मांजराला तापाची गोळी कधीही देऊ नका.'

आणि खाली, तितक्याच मोठ्या अक्षरात, 'मी दिली होती.' त्याखाली बाईंचं पूर्ण नाव.