कोऱ्या कापडाचं हूड

जुन्या जीपगाड्यांची हूडं शिवणारी बाई म्हणून त्यांना लांबलांबचे लोक ओळखत, पण नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गाड्या दुरुस्तीची शेड धाकट्या दिरांची. ते 'वहिनी' म्हणत, म्हणून कारागीर म्हणू लागले, मग गिऱ्हाइकं, आणि आता तर ऐंशीच्या घरातले म्हातारेही फोनवर "वहिनी आहेत का?" म्हणून विचारत.

नवरा गेला त्या वर्षी त्या पहिल्यांदा मशीनवर बसल्या. तेव्हा या गाड्या भंगारात जात. पुढे हळूहळू हौशी लोक निघाले. कुणाला वीटभट्टीमागे गवतात रुतलेली जीप सापडे, कुणी लिलावातून उचलून आणी. दीर ती पार सांगाड्यापर्यंत खोलत, गंज खरवडत, पुढच्या-मागच्या चारही चाकांना जोर पोचेपर्यंत वर्षवर्ष तिच्याशी झटत. सगळं झालं की वहिनींची पाळी. सीटा आणि हूड. सत्तावीस वर्षांत शंभरावर हूडं त्यांच्या हाताखालून गेली, आणि त्यात उजवा खांदा गेला. आता वेणी घालायला हात वर जात नव्हता.

"डॉक्टरांचं हे शेवटचं. मग मशीनवर चादर," असं त्यांनी घरात जाहीर केलं होतं.

"मागचंही शेवटचंच होतं," जाऊबाई म्हणाल्या. "तुमचं शेवटचं म्हणजे पाहुण्यांचं 'निघतो आता'. दारात अजून तासभर."

डॉक्टर म्हणजे दातांचे. त्यांच्याकडे चार जुन्या गाड्या होत्या, ही पाचवी. हिच्या मागे ते अकरा वर्षं होते. मालकाने तीनदा हो म्हणून तीनदा शब्द फिरवला, शेवटी मालकाच्या सुनेने अंगण मोकळं हवं म्हणून गाडी काढायला लावली. हूडचे पितळी हूक डॉक्टरांनी तीन भंगारबाजार पालथे घालून जमवले होते. "गाडीचंही दातांसारखंच असतं वहिनी, मूळचं आहे तोवर मान."

शनिवारी सकाळी हूड गाडीवर चढलं. कुठे सुरकुती नाही, ढोलकीसारखं ताणलेलं. कारागीर भोवती फिरून बघून गेले. वहिनी मात्र कोपऱ्यातल्या दोरीजवळ उभ्या होत्या. हत्यारांच्या पिशवीसाठी उरलेल्या कापडाची एक पट्टी त्यांनी आदल्या दिवशी धुऊन वाळत घातली होती. कापली तेव्हा हातभर होती. आता दीड बोट कमी भरत होती. त्यांनी टेप लावला. पुन्हा लावला. मग टेप खिळ्याला अडकवून त्या स्टुलावर बसल्या.

सत्तावीस वर्षांत एकही कापड त्यांनी कोरं कापलं नव्हतं. आधी दोन दिवस टाकीत बुडवायचं, वाळवायचं, आटेल तेवढं आटू द्यायचं, मगच खडू. पण ओलं कॅनव्हास मेलेल्या जनावरासारखं जड. या वेळी दुकानदार म्हणाला, "पाण्यातून काढलेलंच आहे," आणि त्यांना जे ऐकायचं होतं तेच तो बोलला म्हणून त्यांनी ऐकून घेतलं. पट्टी भिजवून बघायला एक रात्र पुरली असती. तेवढंही त्यांनी केलं नाही.

दीर एका गाडीखाली पाठीवर पडले होते. नुसते पाय दिसत होते.

"भावजी, हूड आटणार."

"कुठं आटणार? बसलंय की चापूनचोपून."

"म्हणूनच. कापड कोरं होतं. पहिल्या पाण्याला मागचा पडदा वर जाईल."

पाय हलायचे थांबले. मग दीर घसरत बाहेर आले आणि तसेच जमिनीवर बसले. तोंडावर ग्रीसचा पट्टा.

"डॉक्टरांच्या चारही गाड्या बघितल्यात ना? छपराखाली चादरी ओढून झोपल्यात. ढग दिसला की माणूस दार लावून घेतो. पाणी लागणार कुठून?"

"लागलं तर?"

"तर तेव्हाचं तेव्हा." त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा वहिनी, पुन्हा शिवायचं म्हणजे महिना. तुमचा खांदा परत येणार नाही. मी बोलत नाही, तुम्ही बोलू नका. कापडाला काही तोंड नाही."

ते मायेने बोलत होते, हे वहिनींना कळत होतं. वाईट त्याचंच वाटत होतं. रागावून बोलले असते तर भांडता आलं असतं.

दुपारी डबा खाल्ला, त्याची चव लागली नाही. आपण काय मोठं पाप केलंय, असं त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. कुणाचा जीव जाणार नव्हता. आणि एक महिना नुसतं पडून राहायला मिळालं असतं. त्या विचारानेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतक्या त्या दमल्या होत्या. देवाकडे काय मागावं तेही सुचेना. खांदा मागावा तर हूड आडवं येत होतं.

डॉक्टर गाडी न्यायला उद्या येणार होते, पण त्यांना कुठला धीर. आजच दुपारी तीनला आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग आत बसून चाक हातात धरलं.

"वाऱ्याला लावणार नाही हिला," ते म्हणाले. "बायको म्हणते, काचेची खोली करून आत ठेवा."

दिरांनी वहिनींकडे पाहिलं. बघा, मी काय म्हणत होतो.

वहिनी उठल्या. नळाला लावलेला पाइप ओढत आणला, डॉक्टरांना म्हणाल्या, "जरा उतरता का?" आणि ते उतरताच हूडवर पाण्याची धार सोडली. पाइप डाव्या हातात होता.

"वहिनी, धुताय कशाला? कोरं करकरीत आहे."

"कोरं आहे म्हणूनच भिजवतेय. माझी चूक झालीय डॉक्टर. कापड न भिजवता कापलं. हे आटणार. किती ते आपण तिघंही बघू."

दिरांनी हातातला पाना टेबलावर ठेवला, तो जरा जोरातच.

शेडपुढच्या आवारात ऊन कडक होतं. चहा झाला. डॉक्टर बाकावर बसून ओलं कापड वाळताना बघत राहिले. दोन तासांनी मागचा एक हूक टणकन सुटला. मग शेजारचा. पडदा चार बोटं वर उचलला गेला आणि एका बाजूने शिवण ताणून टाके दिसू लागले.

"मला कळलंच नसतं हो," डॉक्टर म्हणाले.

"नसतंच कळलं. मला कळलं होतं."

डॉक्टरांनी मान हलवली. रागावले की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. "किती दिवस?"

"महिना. खांदा म्हणेल तसं. जास्तही लागेल."

"गाडी इथेच राहू दे," डॉक्टर म्हणाले. निघताना त्यांनी नवीन रंगावरून एकदा तळहात फिरवला आणि वळून न बघता गेले.

मग कारागिरांनी हूड उतरवलं. वहिनी उसवणी घेऊन बसल्या. हूक वाचवायचे होते. त्यांचेच टाके, घट्ट. एकेक निघायला वेळ लागत होता. अंधार पडेपर्यंत बारापैकी सात हूक निघाले. बाकीचे उद्यावर टाकून दिरांनी शटर ओढलं.

घरी जाताना वहिनी गाडीत दिरांच्या शेजारी बसल्या होत्या. दुसऱ्या सिग्नलला दीर म्हणाले, "पाणी मारणार म्हणून निदान मला आधी सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुम्ही नळ बंद केला असता."

त्यांनी थोडा विचार केला. "केला असता."

"मग."

"कापड सोमवारी आणतो. टाकीत मी बुडवीन. तुम्ही हात लावायचा नाही."

उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी बाजूला पाहिलं. वहिनींची मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं. झोप लागली होती. दिरांनी पुढचा खड्डा चुकवला आणि गाडी सावकाश घेतली.