असनारे वकिलांचा हात

अकोल्याच्या कोर्टात कमलाकांत असनारे यांनी जिंकलेला एखादा खटला कुणाला आठवत असेल तर त्याने पुढे यावे. असा माणूस अजून पुढे आलेला नाही.

असनाऱ्यांचे नाव झाले ते एका हातामुळे. हा हात त्यांचा स्वतःचा नव्हे. 'बावडी का चिराग' नावाच्या एका जुन्या हिंदी भुताच्या बोलपटात विहिरीच्या कठड्यावर बाईचा ओला हात येतो, तो हा हात. असनारे शाळकरी वयात हिवरखेडला मामाकडे गेले असताना जत्रेतल्या तंबूत त्यांनी तो पाहिला. पुढे वीस-बावीस वर्षे हा माणूस त्या हातावर जगला.

जगला म्हणजे खरोखर जगला. नवा न्यायाधीश बदलून आला की त्याच्या बंगल्यावरच्या चहाला असनाऱ्यांना बोलावणे जाई, कायद्यासाठी नव्हे, हातासाठी. गणपतीत चांदूर रेल्वेपासून पातूरपर्यंतची मंडळे त्यांना नारळ आणि शाल देऊन 'विहिरीतला हात' सांगायला नेत. मुलगी पाहायला गेले तेव्हाही त्यांनी पोह्यांच्या बशीवर हाच हात सांगितला, आणि सासऱ्यांनी घाबरून होकार दिला असे लोक म्हणत.

सांगण्याची रीत ठरलेली. आधी दिवा बारीक करायला लावायचा. मग खर्जात, "विहीर. विहिरीवर दिवा. दिवा विझतो." इथे थांबून ते पाणी पीत. एवढा वेळ लावून पाणी पिणारा माणूस वऱ्हाडात दुसरा नसेल. मग, "कठड्यावर बोटं. एक, दोन, तीन, चार. मग अंगठा. काकणं वाजतात. मधल्या बोटाच्या टोकाला पाण्याचा थेंब. आणि थेंब पडत नाही!" थेंब पडत नाही म्हटले की मागच्या रांगेतल्या बायका किंचाळत. थेंब न पडण्यात किंचाळण्यासारखे काय आहे, हे कुणी विचारले नाही. गावाला किंचाळायचे असते.

या हाताच्या जोरावर ते एका साप्ताहिकात बोलपटांचे परीक्षण लिहू लागले. वाचनालयातली भीतीच्या मानसशास्त्रावरची दोन इंग्रजी पुस्तके त्यांनी अर्धवट वाचली होती. परीक्षणात त्यातले एक नाव, भरतमुनींचे एक वचन, आणि शेवटी ठरलेले वाक्य: "परंतु त्या हाताची सर नाही." मुंबईचा तमाशापट असो, मद्रासचा कौटुंबिक रडका पट असो की संतपट, त्या हाताची सर कशालाच नव्हती. संपादक रामराव छापखान्यात हे वाक्य आधीच जुळवून ठेवायला सांगत.

साठ-एकसष्टच्या सुमाराला गुलनार टॉकीजवर पाटी लागली. 'बावडी का चिराग' पुन्हा येत होता, आणि साधासुधा नव्हे. नवी कोरी प्रत, नव्याने साफ केलेला आवाज, दोन रिळे रंगवलेली. शिवाय बाल्कनीच्या प्रेक्षकाला गुळगुळीत कागदाची पुस्तिका, घरी जपून ठेवण्यासाठी. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर हडळ होती आणि मलपृष्ठावर केसांच्या तेलाच्या जाहिरातीतली बाई, त्यामुळे दोघींचेही केस लांब होते. आत निर्मात्याचे मनोगत, हाडाच्या सापळ्याचा फोटो, गाणी, आणि पुन्हा निर्मात्याचा फोटो. पंचवीस वर्षे गोदामात कुजलेल्या फिल्मला रेशमी पिशवीत घालून विकायचे, आणि लोकांनी पिशवी पाहून हरखायचे, असा हा प्रकार.

टॉकीजचे मालक हुसेनशेठ स्वतः पुस्तिका घेऊन असनाऱ्यांकडे आले. "वकीलसाहेब, तुमच्याच मालाची दुकान लावून राह्यलो. दोन शब्द लिहा."

असनाऱ्यांनी दोन शब्दांत भागवले नाही. अख्खे पान भरले. "अकोलेकरांनो, ज्या हाताविषयी तुम्ही माझ्या तोंडून ऐकलेत, तो आता तुमच्या समोर येत आहे," असा त्या पानाचा सूर. पहिल्या दिवशीच्या सहाच्या खेळाला सगळी बाल्कनी वकीलसंघाने भरली. मधल्या खुर्चीवर असनारे, शेजारी पत्नी अनसूयाबाई, आणि दोघांच्या मांडीवर एकेक हडळ.

बोलपटाबद्दल बोलण्यासारखे फार नाही. साफ केलेल्या आवाजात नायिका रडताना खोकते हे स्पष्ट ऐकू येत होते. रंगवलेल्या रिळांत रक्त लाल होते, आणि नायकाचे ओठही तेवढेच लाल होते. कापसाची दाढी लावलेला मांत्रिक दर पाच मिनिटांनी हसे. पण बाल्कनी हे सगळे सहन करीत होती, कारण विहीर यायची होती.

विहीर आली. वर दिवा होता. दिवा विझला. अनसूयाबाईंनी पदर तोंडाशी धरला. खाली स्वस्त तिकिटांच्या पिटात कुणीतरी "आता!" म्हणाले.

आणि नायिका गाऊ लागली.

गाणे संपले. मांत्रिक हसला. हात आला नाही. मध्यंतरानंतर विहीर आणखी दोनदा दिसली, लोकांनी दोनदा श्वास धरला आणि दोनदा सोडला. शेवटी मांत्रिक जळाला, नायक-नायिका बैलगाडीतून गेली आणि दिवे लागले. सगळी बाल्कनी पडद्याकडे पाठ करून असनाऱ्यांकडे पाहत होती.

"काहून जी असनारे, हात कुठी गेला?"

"रजेवर असन."

"तारीख वाढवून घेतली असन हातानं. वकिलाचाच तं हात."

हे शेवटचे हरिहर बोलला. हा वकिलीत नुकताच आलेला, पान खाऊन इंग्रजी बोलणारा तरुण होता. असनारे उठून चालू लागले. जिन्यावरून उतरताना पुस्तिका मात्र त्यांनी घट्ट धरली होती.

घरी अनसूयाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या एखाद्या सिनेमात पाह्यला असन तुमी."

"तुले काय समजते?"

"मले काय समजायचं? मी तं लग्नापासून त्या हाताच्याच घरी नांदून राह्यली. तो नसन तं आपल्याले चहाले कोन बोलावन, एवढंच मले समजते."

एवढेच खरे होते, आणि ते असनाऱ्यांनाही समजत होते. हात नसेल तर आपण कोण? कोर्टाच्या पायऱ्यांवर अशील शोधत बसणारा एक मध्यमवयीन माणूस. हा विचार मनात आला की शहाणा माणूस गप्प बसतो. असनारे लिहायला बसले.

ते परीक्षण अकोल्यात गाजले. प्रतीची स्वच्छता, आवाज, रंग, पुस्तिकेचा कागद, सगळ्याची स्तुती करून त्यांनी पुढे लिहिले होते: "परंतु ज्या देहाला हे दागिने घातले त्याचा हात तोडलेला आहे. व्यापाऱ्यांनी कलाकृतीचा खून केला. मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे." साक्षीदार हा शब्द रामरावांनी ठळक टाइपात घेतला.

गावाला आपल्याला फसवले गेल्याचे कळले की जो आनंद होतो, तो झाला. कॉलेजची पोरे तिकिटाच्या खिडकीवर जाऊन "हात द्या, नाहीतर पैसे द्या" असे ओरडू लागली. ज्यांनी पिटात बसून पाहिले त्यांनीही पुस्तिकेची भरपाई मागितली. तिसऱ्या दिवशी सकाळी हुसेनशेठ असनाऱ्यांच्या ओसरीवर येऊन बसले.

"वकीलसाहेब, मी काल अमरावतीले जाऊन आलो. फिल्म ज्यायची आहे त्यायले पुसलं. ते म्हनते, सेन्सॉरच्या दाखल्यात जेवढी लांबी हाय तेवढी पुरी हाय, बोटभर कापली नाई. जुना दाखलाबी दाखवला. हात कवाच नव्हता."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे, हुसेनशेठ. हिवरखेडला. जत्रेत."

"कोनाच्या तंबूत?"

"नबीच्या."

 हुसेनशेठ हसू लागले, आणि असे हसले की आतून अनसूयाबाई दारात आल्या.

"नबी माझा सगा चाचा, वकीलसाहेब! चाचाची फिल्म कवा पुरी राह्यली? गावोगाव फिरून तुटे. तुटली का जो तुकडा पेटीत असन तो चिटकवून दे. देवाच्या सिनेमात कुस्ती, कुस्तीत लगन. लोकायले चालत होतं. विहीर पाह्यजे ना? चाचापाशी नारूची फिल्म होती."

"नारूची?"

"आरोग्य खात्याची. 'पायऱ्याच्या विहिरीत उतरून पानी भरू नका, नारू होते.' एक मानूस विहिरीतून पानी भरून वर येते, कठड्यावर हात ठेवते. बस. तो तुमचा हात."

 सगळ्या वऱ्हाडाला वीस-बावीस वर्षे ज्याने कापरे भरवले तो हात नारूच्या फिल्ममधल्या पाणी भरणाऱ्या एका माणसाचा होता. असनाऱ्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर हसला असता आणि सुटला असता. असनारे म्हणाले, "हे तुम्ही कुणाला सांगितलं?"

"अजून नाई. सांगतलं तं तुमी खोटे पडता. नाई सांगतलं तं मी चोर ठरतो. म्हनून इचार केला का..." हुसेनशेठ पुढे सरकले. "चाचाची पेटी माह्या घरी हाय. पट्टी पिवळी पडली, पन चालते. दिवा विझला का लावून देतो. तुमी लिहा का हाच तो हात."

"सेन्सॉरच्या दाखल्याबाहेरची फिल्म जोडणं गुन्हा आहे."

"तं हाय ना. म्हनून तं वकिलाकडं आलो."

अनसूयाबाईंनी चहा आणला. असनाऱ्यांनी कपातला चहा बशीत ओतला, बशीतला पुन्हा कपात ओतला आणि म्हणाले, "रविवारी दुपारचा खेळ ठेवा. गर्दी होईल."

नव्या जाहिरातीत 'विहिरीतल्या हातासह संपूर्ण' असे होते. गर्दी झाली. बाल्कनीत तीच मंडळी, मधल्या खुर्चीवर तेच असनारे. विहीर आली, दिवा विझला, पडदा एकदम पिवळट झाला आणि हात आला. आडदांड, केसाळ, पुरुषी हात. मनगटावर चिंधी बांधलेली. काकणे नव्हती, थेंब नव्हता. हाताने कठडा धरला, कळशीची एक कड दिसली, आणि नायिका गाऊ लागली.

सगळे थिएटर किंचाळले. बाल्कनीही किंचाळली. पिटात एक बाई बेशुद्ध पडली आणि तिला उचलून नेताना लोकांनी टाळ्या वाजवल्या. कळशी दिसलेला माणूस त्या गर्दीत असनाऱ्यांखेरीज एकही नव्हता, कारण वीस वर्षांच्या सवयीने लोक डोळ्यांनी नव्हे, असनाऱ्यांच्या गोष्टीने पाहत होते. स्वतः असनारे मात्र पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होते. त्यांचा चेहरा रिकाम्या पाकिटासारखा झाला होता.

तरी त्यांनी लिहिले. "न्याय झाला. तोच हात, तसाच, जसा मी पाहिला होता. मी शपथेवर सांगतो." एवढे खोटे त्यांनी कोर्टातही कधी लिहिले नव्हते, निदान एवढे व्यवस्थित नाही. गावाने त्यांना शाबासकी दिली. हरिहरने बाररूममध्ये त्यांची क्षमा मागून पान दिले. हुसेनशेठचा बोलपट आणखी चार आठवडे चालला. असनाऱ्यांची अब्रू वाचली.

पुढच्या गणपतीत त्यांना कुठल्याच मंडळाचे बोलावणे आले नाही. त्यांनी चांदूर रेल्वेला माणूस पाठवून चौकशी केली. निरोप आला की हात आता सगळ्यांनी पाहिला आहे, यंदा जादूचे प्रयोग ठेवले आहेत.

दिवाळीनंतर नवे न्यायाधीश आले. चहाला सगळा वकीलसंघ होता म्हणून असनारेही होते. साहेबांनी अकोल्याच्या त्या प्रसिद्ध हाताविषयी विचारले. असनाऱ्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला, तोवर हरिहरने सुरुवात केलीही होती.

"काळाकुट्ट हात, साहेब. मनगटावर रक्तानं भरलेली चिंधी. प्रेताचीच असन."

"बाईचा," असनारे म्हणाले. "बाईचा हात होता. काकणं होती."

हरिहर त्यांच्याकडे वळला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, समजूत होती, आणि तेच जास्त वाईट होते. "पुरुषाचा होता, असनारेसाहेब. तुमी जत्रेत पाह्यला, मी बाल्कनीतून पाह्यला. तुमीच तं लिहिलं का तोच हात हाय म्हनून."

न्यायाधीशांनी विचारले, "मग यांना बाईचा कसा दिसला?"

"लहान होते ना जी ते तवा."

सगळे हसले. 'तोच हात, तसाच' या वाक्याखाली असनाऱ्यांची सही होती.  थोड्या वेळाने तेही हसले, आणि हरिहर पुढे सांगू लागला तेव्हा इतरांबरोबर मान पुढे करून ऐकू लागले.