कार्डाचा दोष

माझा मामा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. दिवसभर गाडी हाकून आलेला माणूस घरी पाय पसरून बसेल, पण हा पठ्ठ्या चहा झाला की कॉम्प्युटरवर ट्रक चालवायला बसतो. मामी म्हणते, तिथे मागच्या सीटवर कुणी ओकत नाही, म्हणून असेल.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. त्यामुळे मामाची गाऱ्हाणी हक्काने माझ्याकडे. हल्ली एकच पालुपद: गेममधल्या पाट्या धूसर दिसतात, अक्षरं लागत नाहीत, वळण हुकतं. मला नवल वाटलं नाही. पडद्यावर चित्र उमटवणारं त्याचं ग्राफिक्स कार्ड जुनं, तेही सगळ्यात साधं. मेमरी इतकुशी, की गेम अडखळू नये म्हणून मी सावल्या बंद केलेल्या, ट्रकचे आरसे बंद केलेले, चित्राचा दर्जा पार तळाला नेलेला. त्यात लांबची पाटी पुसट दिसणारच. "मामा, या म्हाताऱ्याला किती पळवशील?" असं मी चिडवायचेही.

मग त्याने नव्या कार्डाचा हट्टच धरला. मोठं घ्यायचं तर पॉवर सप्लायही बदलावा लागला असता, आणि त्याच्या छोट्या कॅबिनेटमध्ये ते मावलंही नसतं. म्हणून मी मधलं शोधलं, वेगळी वायर न लागणारं आणि भरपूर मेमरीचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी बसवून दिलं. सावल्या आल्या, आरसे उघडले, झाडांची पानंसुद्धा दिसायला लागली. मी स्वतःवरच खूश.

मामा खेळायला बसला आणि पहिलंच वळण हुकलं. मग पुढचंही. अजून तसंच आहे गं, म्हणाला.

माझं डोकंच सणकलं. केबल बदलली, सगळी सेटिंग पुन्हा तपासली, कार्ड विकणाऱ्याला मनात लाखोली वाहिली. तेवढ्यात मामी ताट पुसत दारात आली. तिथूनच तिने सहज वाचलं, "पुढे पूल बंद, डावीकडे वळा. अहो, एवढं ठळक तर लिहिलंय."

मामाने ट्रक थांबवला. डोळे तपासून घ्या म्हणून मामी कधीची मागे लागली होती, आणि माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय, म्हणून तो उडवून लावायचा. आणि उद्या सकाळी त्याच्या व्हॅनमध्ये मुलं बसणार होती.

"जुनंच कार्ड परत लाव," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

मी संतापले. कशाला, असं विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली, निदान दोष कार्डावर तरी जात होता, म्हणाला, आणि सगळं सांगून टाकलं. नुकतंच त्याने एका लहान मुलीला भलत्याच फाटकाशी उतरवलं होतं. तिची आई जाब विचारायला आली, तर हा म्हणाला, तीच हट्टाने तिथे उतरली. पोरीला घरी बोलणी बसली. हे सांगताना त्याला मामीकडे बघवत नव्हतं, आणि मला त्याच्याकडे.

संध्याकाळी तो घरोघरी सांगायला निघाला. मी सोबत गेले. प्रत्येक दारात एकच वाक्य: गाडीचं काम निघालंय, काही दिवस दुसरी सोय बघा. मी ओठ घट्ट मिटून जमिनीकडे बघत उभी राहायचे. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या मुलीचं दार त्याने शेवटी ठेवलं होतं. आईने दार उघडलं, मागे ती उभी. मामाने गाडीचं म्हणून सुरुवात केली आणि तो अडकला.

"गाडी धडधाकट आहे," तो म्हणाला. "मला नीट दिसत नाही. त्या दिवशी फाटक मीच चुकलो, आणि नाव हिचं सांगितलं."

आई वळून मुलीकडे बघायला लागली. मुलीने तिचा पदर ओढला.

"मी सांगत होते ना तुला," ती म्हणाली.

मामाने तिच्यापुढे हात जोडले. मग पायऱ्या उतरला आणि पुन्हा पहिल्या घराकडे चालायला लागला.