बर्फगोळीवाल्यांचा लांडगा

आमच्या गावात इस्मानाली नावाचा माणूस एकच आहे, तरी त्याचं नाव घेतलं की समोरचा विचारणारच, "कोण, बर्फगोळीवाला का?" हे बिरुद त्याला वडिलोपार्जित मिळालं. दुसरी मिळाली ती खुंटीवरची ठासणीची बंदूक. तिसरं काही मिळालं नाही, कारण वडील शारशेन बेचाळीस साली लढाईवर गेले ते गेलेच. मागे ना फोटो, ना कबर. इस्मानाली तेव्हा सहा वर्षांचा होता.

वडिलांची म्हणून त्याच्यापाशी एक गोष्ट तेवढी उरली. ती आम्ही प्रत्येकाने निदान चाळीसदा ऐकली आहे. लढाईवर जायच्या आधीचा हिवाळा. मेंढवाड्याशी लांडगा आला. घरात बंदुकीची दारू होती, पण गोळ्यांचं शिसं संपलेलं. शारशेनने वळचणीला लोंबणारा बर्फाचा सुळका मोडला, सुरीने तासला, नळीत ठासला आणि काढला बार. लांडगा जागच्या जागी आडवा!

मी या गावात आलो तेव्हा तो लांडगा कुत्र्याएवढा होता. पंचवीस वर्षांत वासराएवढा झाला. त्याचं कातडं मात्र कुणी पाहिलं नाही. कधी त्याला कसर लागलेली असायची, कधी त्याची टोपी शिवून लढाईवर धाडलेली असायची. आम्ही टोकत नव्हतो. म्हाताऱ्याच्या लांडग्याला आम्हाला थोडंच खायला घालायचं होतं?

मग म्हाताऱ्याने धाकट्याचं लग्न केलं आणि व्याही मिळाला तो नेमका नारिन शहरातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा. नाव सागिनदिक. आता आमच्याकडे व्याह्यांनी एकमेकांची टर उडवायचीच असते. न उडवली तर सोयरीक मनापासून नाही असं धरतात. आणि जो आधी चिडेल तो हरला. मग दुसरा सांगेल ते त्याने करायचं.

लग्नाच्या जेवणात मेंढीचं डोकं मानाने सागिनदिकपुढे ठेवलं होतं. त्याचा कान कापता कापता तो म्हणाला, "कुदा," (व्याह्याला आमच्याकडे हीच हाक) "तो लांडगा गोळीने मेला की हसून मेला?"

"तुमच्यासारखा शाळेत गेला असता तर हसला असता. अडाणी होता बिचारा. मेला."

सगळी बैठक खदखदली. सागिनदिकने बाही सावरली.

"अहो, बर्फ ठिसूळ असतो. मागून दारूचा दणका बसला की नळीतच भुगा. बाहेर पडेल ते सरबत!"

"तो तुमच्या नारिनचा बर्फ. शिकलेला आहे, लगेच विरघळतो."

"बरं, कातडं कुठंय?"

"कसरीने खाल्लं."

"मघाशी टोपी म्हणालात! मग कुदा, बंदूक राहू द्या, थापा मारण्यातच तुमचे वडील पटाईत होते म्हणायचं."

इस्मानालीने हातातली सुरी खाली ठेवली. "वडिलांचं नाव काढायचं नाही," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण तळलेले बोरसोक चघळणारी सगळी तोंडं थांबली.

सागिनदिक अजून थट्टेतच होता. "चिडले! हरले! आता माझ्यासमोर बर्फाची गोळी उडवून दाखवायची!"

"दाखवीन. कडाक्याची थंडी पडू दे. आणि नाही चालली, तर ही गोष्ट पुन्हा तोंडातून काढणार नाही."

म्हाताऱ्याची बायको बुरमाकान चहा ओतत होती. ती व्याह्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "काय केलंत हे, भाऊ! म्हाताऱ्यापाशी बापाचं तेवढंच आहे हो."

सागिनदिकचा चेहरा पडला. "राहू द्या, कुदा," तो दोनदा म्हणाला. पण भरल्या ताटावर दिलेला शब्द आमच्याकडे परत घेत नाहीत.

जानेवारीत अशी थंडी पडली की श्वासाचे खडे व्हावेत. सागिनदिक नारिनहून आला तो एक थर्मास घेऊन. आम्हाला वाटलं, चहा. त्यात बर्फ होता!

"दोनदा उकळलेल्या पाण्याचा आहे," तो ओशाळून म्हणाला. "आत हवेचे बुडबुडे नाहीत. जास्त टिकेल. महिनाभर प्रयोग करतोय."

"तुम्ही कुणाच्या बाजूचे?" इस्मानालीने विचारलं.

"आज तुमच्या."

कुंपणावर जुना, लोकर थापून केलेला नमदा टांगला. बंदूक घसरगाडीला बांधली आणि चापाला लांब दोरी लावली. हाही सागिनदिकचाच हट्ट. "बंदूक शंभरीला आली, तुम्ही सत्तरीला. दोघांपैकी एक नक्की फुटेल."

पहिला बार गोष्टीतल्यासारखाच, वळचणीचा सुळका तासून काढला. दणका असा झाला की कावळे उडाले, गावातली कुत्री भुंकायची विसरली. नळीतून पांढरा फवारा निघाला. धावत जाऊन पाहतो तर नमद्यावर चार थेंब. नमद्याला सर्दी तेवढी झाली असेल. दुसरा बार थर्मासमधल्या सुशिक्षित बर्फाचा. तोच दणका, तोच फवारा, थेंब दोन.

दोरी हातात धरून म्हातारा नुसता उभा होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"नुसत्या पाण्याचं काय घेऊन बसलात?" बुरमाकान म्हणाली. तिचा जन्म नमदे थापण्यात गेलेला. "लोकरीवाचून जगात काही टिकतं का?" तिने रात्रीच अंगुस्तानात लोकर कोंबून, वर पाणी ओतून ते बाहेर ठेवलं होतं. आतली गोळी तिने काढून दिली.

नमदा दहा पावलांवर आणला. तिसरा बार झाला आणि नमदा हलला! चांगला हलला, आणि त्यावर एक खळगा पडला. खाली बर्फात लोकरीचा ओला बोळा.

"पोचली!" सागिनदिक लहान पोरासारखा ओरडला. "अख्खी पोचली! जिंकलात, कुदा! गोळी चालली!"

इस्मानालीने बोळा उचलून तळहातावर घेतला. "याने लांडगा मरेल?"

सागिनदिकने डोक्यावरची टोपी मागे सारली, पुढे ओढली. "खोकला होईल," शेवटी तो म्हणाला.

म्हाताऱ्याने बोळा खिशात घातला आणि इकडेतिकडे पाहिलं. "आपली कुत्री कुठायत?"

"पहिल्या बारालाच पळाली," बुरमाकान म्हणाली. "शेपट्या पायांत घालून, टेकडीपलीकडे."

म्हातारा घसरगाडीवर मटकन बसला. त्याने नळीतून निघणाऱ्या धुराकडे पाहिलं.

"पळाला," तो म्हणाला.

"कोण?"

"लांडगा. मी दारात उभा होतो. असाच पांढरा फवारा उडाला. वडील वळले. दाढीभर बर्फ बसला होता, मिशीला लटकत होता, आणि ते हसत होते. म्हणाले, 'पळाला बघ.' बर्फाने पळवला म्हणाले. मेला असं ते कधी म्हणालेच नाहीत."

"मग मारला कुणी?" सागिनदिकने विचारलं.

"मी. थोडा थोडा करून. पासष्ट वर्षं मारत होतो." आणि म्हातारा हसायला लागला. "थापाड्या मी निघालो, कुदा. वडील खरं तेच बोलले होते!"

व्याह्याने जिंकलात म्हटलं तरी म्हाताऱ्याने शब्द पाळला, ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली नाही. आता नवी सांगतो. तीत लांडगा पुन्हा कुत्र्याएवढा झाला आहे आणि धड पायांनी डोंगरात पळून जातो. सागिनदिक शेजारी असला तर मान डोलावून म्हणतो, "विज्ञानाला मान्य आहे." पण इस्मानाली लांडग्यापाशी फार रेंगाळत नाही. त्याला घाई असते वडील वळतात तिथे पोचायची. तिथे आला की तो आपल्या दाढीवरून हात फिरवतो, दाढी अशी होती, एवढी होती, इथे इथे बर्फ होता असं बोट लावून दाखवतो, आणि मग वडिलांसारखं हसून दाखवतो.