पागोळीवरची भिंत

भिवंडीजवळच्या आमच्या गावठाणात दोन घरांची हद्द कोणी कागदावर बघत नसे. पावसात कौलांवरचं पाणी खाली जिथं पडतं, तिथं जमिनीत चर पडतो. त्या पागोळीपर्यंत आपलं, पुढं शेजाऱ्याचं. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण एवढं मला पक्कं ठाऊक. म्हणून जुनं घर पाडून विटांचं बांधलं, तेव्हा सुनेच्या स्वयंपाकघराची भिंत मी बरोबर त्या चरावर उभी केली.

पुढं जो तो आपली मोकळी जागा लूमवाल्यांना भाड्यानं देऊ लागला. शेजाऱ्यालाही शेड टाकायची होती. नवा मोबाइल हातात खेळवत तो म्हणाला, "दादा, तुमची भिंत माझ्या जागेत आली हाय."

"मोजणी आण! आली असंल तर मीच घण मारीन."

सगळ्या आळीसमोर बोललो. बोललेलं मागं घेणं माझ्या रक्तात नाही.

पण मोजणीची नोटीस आली आणि माझं अन्न गोड लागेना. भिंत गेली तर सुनेनं रांधायचं कुठं? कोणी बघत नसलं की मी काठी घेऊन दोन घरांमधला बोळ मोजायचो. दर खेपेला माप वेगळंच यायचं.

सून म्हणाली, "बाबा, ती काठी ठेवा आता. मोजून बोळ रुंद न्हाय व्हायचा."

मोजणीचे साहेब आले. गावविहिरीच्या कोपऱ्यापासून मोजत मोजत थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरले आणि भिंतीच्या आतल्या कडेला चुन्याची रेघ ओढली. म्हणजे अख्खी भिंत शेजाऱ्याच्या जागेत.

मी म्हणालो, "साहेब, पागोळी हितंच पडायची. माझ्या डोळ्यांनी बघितलीय."

"आजोबा, छप्पर कधी पुढं काढलं होतं का?"

काढलं होतं. मातीची भिंत भिजते म्हणून बापानं एका वर्षी कौलांची एक ओळ बाहेर वाढवली होती. पागोळी पुढं सरकली, तिच्यामागं चर सरकला. आम्ही मात्र तोच चर हद्द धरून बसलो.

शेजारी ओट्यावरून म्हणाला, "दादा, घण हाय का माझा देऊ?"

"माझा हाय!"

सुनेनं गॅस, डबे पुढच्या खोलीत नेले. वरच्या छपराच्या पत्र्यांना बांबूचे टेकू दिले. तरी पहिला घाव घालताना पत्रे थरथरले. शेजारी मला थांबवील असं वाटत होतं. नाही थांबवलं. थोड्या वेळानं खाली आला आणि घमेल्यात विटा भरू लागला.

"राहू दे, मी उचलीन," मी म्हटलं.

"माझ्या जागेत पडल्यात त्या मी उचलतो. तुमच्या तुम्ही उचला."

विटा मात्र त्यानं माझ्याच अंगणात रचल्या, नीट, एकावर एक.