रडारवर आलेल्या भोरड्या

जुना रेडिओ तापून धुळीचा वास सुटला, की मी सत्तरच्या दशकातल्या कोरेगावच्या टेकडीवर पोचतो. ढगांचा अभ्यास करणाऱ्या रडारचा मी जनरेटरवाला, म्हणजे आभाळ मीच चालवायचो! एका सकाळी पडद्यावर हिरवा डाग सरकला. रडार बघणाऱ्या साहेबांनी वहीत लिहिलं, 'ढग'.

"आवं साहेब, वाऱ्याच्या उलटा ढग चालतोय व्हय? भोरड्यांचा थवा हाय. आमच्या ज्वारीवर निघालाय!"

असा धावलो, की सावली टेकडीवरच राहिली. गोफणीचा आवाज विजापुरात ऐकू गेला. ज्वारी वाचली.

परतलो तर साहेबांनी 'ढग' खोडून लिहिलं होतं, 'पाखरं. जनरेटरवाल्यानं ओळखली.'

तेव्हा मी गावभर मिरवलो. आज वाटतं, स्वतःचं लिहिलेलं खोडायला जास्त छाती लागते. मी तर यातला एक शब्द खोडणार नाही.