जुनी सही

ह्यांच्या माघारी मिळणारी पेन्शन काढायला बँकेत गेले, तर पुढे घटस्फोट झालेलं एक जोडपं दोघांचं खातं बंद करत होतं. त्यातल्या मुलीची सही जुळेना.

"मॅडम, लग्नानंतरची जुनी सही हवी. नाहीतर उद्या या," क्लार्क म्हणाला.

"उद्या परत नाही हो यायचं मला!" ती रडकुंडीला आली. हाताला आता माहेरच्या नावाची सवय झालेली.

तेव्हा तिचा आधीचा नवरा हळूच म्हणाला, "खाली उलटी रेघ ओढायचीस, मग दोन टिंबं."

सही जुळली. खातं बंद झालं.

मी चाळीस वर्षं संसार केला. मी सही करते की अंगठा देते, एवढंही ह्यांना सांगता आलं नसतं. आमचा मोडला नाही, इतकंच.

माझी पाळी आली, तेव्हा चौथीत शिकलेली सही मी सावकाश केली.